वैमानिकाशेजारचा माणूस

आकाशांतून विमान जाऊं लागलें म्हणजे शाळेच्या पटांगणावरील खेळ क्षणभर थांबतो, सर्वांच्या माना वर होतात, आणि लहान मुलांपैकीं एखादा तरी मोठ्यानें म्हणतो, "मी वैमानिक होणार!" ही इच्छा उत्तम आहे, तिला कोणीं हंसूं नये. परंतु "त्या विमानाचीं इंजिनें मी सांभाळणार," असें म्हणणारा मुलगा आम्हांस अद्याप भेटलेला नाहीं. ह्याचें कारण उघड आहे. विमान चालविणारा माणूस चित्रांत दिसतो, पडद्यावर दिसतो, वर्तमानपत्रांत दिसतो. इंजिन सांभाळणारा कोठेंच दिसत नाहीं. आणि जो दिसत नाहीं तो मोठा कसा असेल, अशी आपणां सर्वांच्याच मनाची समजूत होऊन बसलेली असते.

ही समजूत चुकीची आहे, इतकेंच नव्हे, तर ती आपल्या मुलांच्या हिताच्या आड येते, असें आमचें मत आहे. हें मत नुसत्या उपदेशाच्या रूपानें मांडलें तर विद्यार्थी जांभई देतील व पालक पान उलटतील. म्हणून एका खऱ्या माणसाचें चरित्र आधीं पुढें ठेवून, मग आम्हांस काय म्हणावयाचें आहे तें आम्ही म्हणणार आहों. हा माणूस दुसऱ्या महायुद्धांत एका बाँबफेकी विमानावर फ्लाइट इंजिनियर होता. त्याचें नांव नॉर्मन सिरिल जॅक्सन.

फ्लाइट इंजिनियर म्हणजे कोण, हें प्रथम सांगितलें पाहिजे. महायुद्धाच्या आरंभीं मोठ्या बाँबफेकी विमानांत दोन वैमानिक बसत. परंतु एक वैमानिक तयार करण्यास फार काळ व फार पैसा लागे. आणि चार-चार इंजिनांचीं नवीं विमानें आल्यावर इंजिनांकडे अखंड लक्ष पुरविणारा स्वतंत्र मनुष्य हवा, असें दिसून आलें. तेव्हां १९४२ सालीं ब्रिटिश हवाई दलानें ह्या विमानांतील दुसरा वैमानिक कमी केला व यंत्रें जाणणारा मनुष्य तेथें बसविला. लँकॅस्टर जातीच्या विमानांत सात माणसें असत : वैमानिक, फ्लाइट इंजिनियर, मार्ग आंखणारा नॅव्हिगेटर, बाँब सोडणारा, बिनतारी संदेश घेणारा, आणि दोन मशीनगन चालविणारे. इंजिनियर वैमानिकाच्या उजव्या हातास, एका घडीच्या आसनावर बसे. गादीचें आसन वैमानिकाला, घडीचें आसन इंजिनियरला; ह्यांत सुद्धां जगाची रीति दिसून येते!

जड विमान धांवपट्टीवर धांवूं लागलें म्हणजे वैमानिकाचें सारें लक्ष तें सरळ ठेवण्यांत गुंते. त्या वेळीं इंजिनांची शक्ति वाढविणारे दांडे पुढें रेटून ते मागें सरकणार नाहींत असे धरून ठेवणें हें इंजिनियरचें काम. विमान वर चढलें कीं प्रत्येक इंजिनाची उष्णता, तेलाचा दाब व फेरे दाखविणाऱ्या तबकड्यांवरून त्याची नजर सारखी फिरत राही, आणि ठराविक वेळानें तो सर्व आंकडे आपल्या वहींत नोंदवी. एखादें इंजिन बिघडलें किंवा पेटलें तर त्याचें इंधन तोडावयाचें, आग विझविण्याची कळ दाबावयाची, आणि त्याच्या पंख्याचीं पातीं वाऱ्याच्या धारेशीं समांतर करून ठेवावयाचीं, म्हणजे तें मेलेलें इंजिन उरलेल्या तिघांवर ओझें होत नाहीं. हें सर्व रात्रीच्या अंधारांत, हाडें गोठविणाऱ्या थंडींत, तोंडावर प्राणवायूची नळी बांधून, खालून तोफा सुटत असतांना करावयाचें!

आमच्या विद्यार्थ्यांस अंकगणितांतील 'हौद व तोट्या' हा प्रकार फारसा आवडत नाहीं. एका तोटीनें हौद भरतो, दुसरीनें रिकामा होतो, असल्या गोष्टी आयुष्यांत कोणास लागतात, असें ते विचारतात. त्यांस आमचें उत्तर असें कीं, त्या फ्लाइट इंजिनियरला ह्या गोष्टी रोज रात्रीं लागत. लँकॅस्टरच्या पंखांत पेट्रोलच्या सहा टाक्या असत आणि त्यांत एकंदर २१५४ गॅलन पेट्रोल मावे. चारी इंजिनें मिळून ताशीं सुमारें २०० गॅलन पेट्रोल खात. तेव्हां भरलेल्या टाक्या पावणेअकरा तास पुरतील, असें पाटीवरचें उत्तर येतें. परंतु आकाशांत समोरून वारा सुटला म्हणजे वाट लांबते. ओझें अधिक असलें म्हणजे खर्च वाढतो. एखाद्या टाकीस गोळी लागली म्हणजे ती गळूं लागते, आणि ती रिकामी होण्यापूर्वीं तिच्यांतील पेट्रोल कोणत्या इंजिनास पाजावयाचें हें तत्काळ ठरवावें लागतें. परीक्षेंत हें गणित चुकलें तर दोन गुण जातात. तेथें चुकलें तर सात माणसें समुद्रांत जात.

आतां जॅक्सनविषयीं. त्याचा जन्म ८ एप्रिल १९१९ रोजीं लंडनच्या पश्चिमेस असलेल्या ईलिंग येथें झाला. तो अगदीं तान्हा असतांनाच गंटर नांवाच्या कुटुंबानें त्याला दत्तक घेतलें. मोठा झाल्यावर तो फिटर व टर्नर झाला; म्हणजे कानस, पाना व लेथ हीं त्याचीं हत्यारें. १९३९ सालीं युद्ध सुरू झालें तेव्हां त्याचा धंदा सरकारनें देशाच्या कारखान्यांसाठीं राखून ठेवलेला होता. त्यामुळें सैन्यांत जाण्याची सक्ति त्याच्यावर नव्हती. घरीं राहून पगार घेणें त्याला सहज शक्य होतें. तरी त्याच वर्षीं तो आपण होऊन हवाई दलांत दाखल झाला. तेथें त्याला इंजिन-फिटरचें काम मिळालें आणि पश्चिम आफ्रिकेंतील फ्रीटाउन बंदरांत, पाण्यावर उतरणाऱ्या सुंदरलंड विमानांच्या तुकडीबरोबर त्यानें कांहीं काळ काढला. पुढें १९४२ सालीं फ्लाइट इंजिनियरचें शिक्षण घेण्याची संधि आली ती त्यानें घेतली, आणि १९४३ सालीं तो १०६ क्रमांकाच्या बाँबफेकी पथकांत रुजू झाला.

ह्या पथकांत शत्रूच्या मुलुखावर ३० फेऱ्या झाल्या म्हणजे माणसास विश्रांति मिळे. तीस हा आंकडा लहान वाटेल. परंतु ब्रिटिश बाँबर दलांतील सुमारें सव्वा लाख विमानस्थ सैनिकांपैकीं ५५,५७३ मरण पावले, हें ध्यानांत घेतलें म्हणजे एकेका फेरीची किंमत कळते. एप्रिल १९४४ मध्यें जॅक्सनच्या तीस फेऱ्या पूर्ण झाल्या. मध्यंतरीं एकदां तो दुसऱ्या विमानाबरोबर गेलेला असल्यामुळें त्याचा हिशेब सोबत्यांच्या एक फेरी पुढें होता. त्याला मोकळीक होती, सोबत्यांची एक फेरी उरली होती. त्यानें सोबत्यांबरोबर एकतिसाव्या वेळीं जाण्याचें ठरविलें. त्याच दिवशीं त्याला पुत्र झाल्याची वार्ता येऊन पोंचली होती.

२६ एप्रिलच्या रात्रीं त्यांचें विमान जर्मनींतील श्वाइनफुर्ट शहरावर गेलें. तेथें बॉल-बेअरिंगचे कारखाने होते. सायकलच्या चाकांत जे पोलादी छर्रे असतात तसलेच छर्रे रणगाड्यांस व विमानांस लागतात; ते नसतील तर फिरणारें कोणतेंहि यंत्र फिरत नाहीं. म्हणून ह्या शहरावर सर्वांचा डोळा. बाँब टाकून विमान परत फिरलें तोंच शत्रूच्या एका लढाऊ विमानानें त्यास गांठलें. गोळ्यांचा वर्षाव झाला. उजव्या पंखांत, विमानाच्या अंगाजवळच्या पेट्रोलच्या टाकीशीं आग लागली. जॅक्सन खालीं फेंकला गेला आणि त्याच्या उजव्या पायांत व खांद्यांत तोफगोळ्याचे तुकडे घुसले.

कोणती टाकी कोठें आहे आणि तिला आग लागली म्हणजे पुढें काय होतें, हें त्या सात जणांत सर्वांत चांगलें कोणास ठाऊक असेल तर तें इंजिनियरला. त्यानें कप्तानास सांगितलें कीं, आपण बाहेर जाऊन ही आग विझवूं शकूं, आणि कप्तानाची परवानगी घेतली. आग विझविण्याचें एक हातयंत्र त्यानें अंगांतील जाकिटांत खोंचलें, छातीवर हवाई छत्री अडकविली, आणि वैमानिकाच्या डोक्यावरील झांकण उडवून तो विमानाच्या पाठीवर चढूं लागला. खालीं २०,००० फूट पोकळी, विमानाचा वेग ताशीं २०० मैल, थंडी असह्य.

तो पुरता बाहेर पडण्यापूर्वींच त्याची छत्री सुटली आणि तिचें कापड व दोर वैमानिकाच्या खोलींत पसरले. दुसरा कोणी असता तर येथेंच परत फिरला असता, आणि त्यास कोणीं दोष दिला नसता. जॅक्सन पुढेंच सरकत राहिला. आंत वैमानिक, नॅव्हिगेटर व बाँब सोडणारा ह्या तिघांनीं ती छत्री गोळा केली आणि तिचे दोर हातांत धरून, तो जसजसा मागें सरके तसतसे ते सैल सोडूं लागले. अखेर त्याचा पाय निसटला व तो पंखावर पडला. पंखाच्या पुढच्या कडेला हवा आंत घेण्याचें एक तोंड असतें, त्याला त्यानें पकडलें. परंतु आग विझविण्याचें यंत्र वाऱ्यानें उडून गेलें, आग पसरली, आणि त्याचें तोंड, हात व कपडे भाजून निघाले. पकड सुटली. ज्वालांतून फरपटत तो पंखाच्या मागच्या कडेवरून खालीं गेला. त्याच्या मागोमाग छत्री गेली. ती अर्धवट उघडलेली होती व ठिकठिकाणीं जळत होती.

विमान वांचणार नाहीं हें पाहून कप्तानानें सर्वांस उड्या टाकण्याचा हुकूम दिला. आणखी चौघे सुखरूप उतरले. कप्तान व मागचा मशीनगनवाला हे मात्र प्राणांस मुकले. जॅक्सन जोरानें जमिनीवर आपटला. घोटा मोडलेला, उजवा डोळा भाजून मिटलेला, दोन्ही हात निकामी. अशा स्थितींत उजाडल्यावर तो सरपटत जवळच्या खेड्यांत गेला व तेथें युद्धकैदी झाला. पुढें दहा महिने त्यानें रुग्णालयांत काढले. बरा झाला तरी हातांत पूर्वींची शक्ति आली नाहीं. फिटरचे हात होते ते!

आपल्या पराक्रमाची वार्ता त्यानें स्वतः पसरविली नाहीं. त्याचे सोबती कैदेंतून सुटून परत आल्यावर त्यांच्या तोंडून ती बाहेर पडली, आणि ऑक्टोबर १९४५ मध्यें त्याला व्हिक्टोरिया क्रॉस हें सर्वोच्च शौर्यपदक जाहीर झालें. पुढें तो विक्रेता म्हणून गांवोगांव फिरला, सात मुलांचा संसार त्यानें केला, आणि २६ मार्च १९९४ रोजीं वारला.

ह्या हकीकतींत वाचकांनीं एक गोष्ट टाळूं नये, ती ही कीं, आग विझली नाहीं. ज्या कामासाठीं तो बाहेर गेला तें काम झालें नाहीं व विमान गेलें. यशाच्या मापानें मोजणाऱ्यास हा प्रयत्न फुकट गेला असेंच म्हणावें लागेल. आमची दृष्टि निराळी आहे. ज्याला दुखणें कळतें त्यानेंच औषध घेऊन पुढें झालें पाहिजे; औषध लागू पडणें न पडणें त्याच्या हातचें नाहीं. ज्ञान हें असें ऋण आहे. यंत्र ज्याला कळतें त्याच्यावर, न कळणाऱ्यापेक्षां अधिक जबाबदारी येते. जॅक्सन पंखावर गेला तो केवळ धाडसी होता म्हणून नव्हे. आपणच तेथें जाण्यास योग्य आहों हें त्याला कळत होतें म्हणून.

आणखी एक गोष्ट. त्या तिघांच्या हातांतील दोर! बाहेर गेलेल्याचें नांव राहिलें. आंत बसून जळत्या विमानांत त्याचे दोर धरून राहिलेल्या तिघांचीं नांवें किती जणांस ठाऊक आहेत? त्यांतील एक, म्हणजे कप्तान, परत आलाच नाहीं. इंजिनियर हा वैमानिकाच्या सावलींत, आणि इंजिनियरचे दोर धरणारे त्याच्याहि सावलींत. जगांतील बहुतेक चांगलें काम असें सावलींतच होत असतें.

येथें एखादा विचारी पालक आम्हांस अडवील व विचारील कीं, ज्या विमानांतून बाँब पडत होते त्यांतील माणसाचें कौतुक मुलांपुढें कशासाठीं? हा प्रश्न रास्त आहे आणि त्यास बगल देणें आम्हांस आवडणार नाहीं. त्याच बाँबर दलानें जुलै १९४३ मध्यें हँबुर्ग शहरावर जो अग्निवर्षाव केला त्यांत तीस हजारांहून अधिक माणसें मेलीं, व त्यांत स्त्रिया व मुलें पुष्कळ होतीं. श्वाइनफुर्टच्या त्या रात्रीं तर नेम नीट साधला नाहीं, हल्ला बव्हंशीं वायां गेला, आणि २१ लँकॅस्टर विमानें परत आलीं नाहींत. हिटलरच्या सत्तेचा पाडाव होणें जगास आवश्यक होतें, ह्यांत आम्हांस शंका नाहीं. तथापि त्यासाठीं योजलेला प्रत्येक उपाय न्याय्य होता असें म्हणावयास आमची जीभ रेटत नाहीं. शौर्य हें ज्या कामीं लागतें त्या कामास निर्दोष ठरवीत नाहीं. म्हणून यंत्र शिकणाऱ्या मुलास दोन प्रश्न विचारण्याची संवय आम्हीं लावली पाहिजे. हें यंत्र कसें चालतें, हा पहिला प्रश्न. हें यंत्र कोठें चाललें आहे, हा दुसरा. पहिला प्रश्न विचारणारा चांगला कारागीर होतो. दोन्ही विचारणारा चांगला माणूस होतो.

परदेशची गोष्ट झाली, आतां घरची. त्या महायुद्धांत ब्रिटिश बाँबर दलांत आपल्याकडील तरुणहि होते. शैलेंद्र एकनाथ सुखटणकर हे तेथें नॅव्हिगेटर होते व त्यांस शौर्याबद्दल डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. परंतु इंजिनाशीं झुंजणाऱ्या हातांची खरी भारतीय कथा युद्ध संपल्यावर घडली, आणि तिचा शेवट आपल्या पुण्यास झाला. ती आमच्या मुलांस ठाऊक असावी असें आम्हांस फार वाटतें.

मूळचे सोलापूरचे उद्योगपति शेठ वालचंद हिराचंद यांनीं डिसेंबर १९४० मध्यें म्हैसूर सरकारच्या साहाय्यानें बंगळूर येथें विमानांचा कारखाना काढला. हिंदुस्थानांत विमान बनेल ही कल्पनाच त्या काळीं पुष्कळांस हास्यास्पद वाटे. युद्धकाळांत तेथें अमेरिकन विमानांची दुरुस्ती होऊं लागली आणि शेंकडों हिंदी कारागिरांचे हात त्या कामावर बसले. युद्ध संपलें तेव्हां अमेरिकेनें उसनीं दिलेलीं लिबरेटर जातीचीं चार इंजिनांचीं बाँबफेकी विमानें कानपूर येथें पडून होतीं. करारान्वयें तीं परत करावयाचीं किंवा निकामी करावयाचीं; म्हणून ब्रिटिशांनीं जातांना तीं मोडतोड करून टाकून दिलीं. पुन्हां कोणीं उडवूं नयेत हाच हेतु.

स्वातंत्र्यानंतर काश्मीरचें युद्ध पेटलें आणि देशाजवळ मोठें बाँबफेकी विमान एकहि नव्हतें. तेव्हां १९४८ सालीं बंगळूरच्या कारखान्यांतील माणसें कानपुरास गेलीं. एका विमानाचा पंखा, दुसऱ्याची टाकी, तिसऱ्याचीं चाकें असें जमवीत त्यांनीं एकेक सांगाडा केवळ एका उड्डाणापुरता उभा केला. कारखान्याचे वैमानिक जिमी मुन्शी यांनीं तीं विमानें नऊशे मैलांहून दूर असलेल्या बंगळुरास उडवीत नेलीं आणि तेथें तीं नव्यासारखीं करण्यांत आलीं. अशीं सुमारें चाळीस विमानें त्या भंगारांतून उठलीं. नोव्हेंबर १९४८ मध्यें त्यांचें पहिलें पथक, म्हणजे हवाई दलाचें ५ क्रमांकाचें पथक, उभें राहिलें. पुढें तें पुण्यास आलें. १९५१ सालीं पुण्यासच ६ क्रमांकाच्या पथकास हीं विमानें मिळालीं व समुद्रावर पहारा करण्याचें काम त्यांनीं १९६८ पर्यंत केलें. तोंवर जगांतील इतर हवाई दलांनीं लिबरेटर केव्हांच मोडींत काढलें होतें. पुढें ह्यांतीलच एक विमान १९७४ सालीं ब्रिटिश हवाई दलाच्या संग्रहालयानें मागून नेलें! ज्यांनीं मोडून टाकलें त्यांनींच तें जतन करण्यासाठीं परत न्यावें, ह्याहून कारागिराच्या हाताचा मोठा गौरव कोणता?

त्या विमानांच्या इतिहासांत मुन्शी यांचें नांव आहे, व तें असावेंच. परंतु मोडक्या इंजिनाचा एकेक भाग उचलून, पुसून, मोजून, हा चालेल व हा चालणार नाहीं असें ठरविणारे ते फिटर कोण होते? वैमानिकानें त्यांच्या शब्दावर आपला जीव ठेवला. त्यांच्यांतील एकानें जरी कंटाळून "चालेल" म्हटलें असतें तरी पुढील अनर्थ टळता ना. खरेपणा हा सद्गुण आपण शाळेंत पाठ करतों. तो पान्यानें कसा आंवळावयाचा असतो हें त्या लोकांनीं दाखविलें.

आमच्या शेगांवांत ह्या विषयाचा संबंध काय, असें कोणी म्हणेल तर संबंध पुष्कळ आहे. मुंबई-नागपूर लोहमार्ग आपल्या दारावरून जातो. श्रीगजानन महाराजांच्या नांवाचें अभियांत्रिकी महाविद्यालय येथें १९८३ पासून चाललें आहे आणि दूरदूरचीं मुलें तेथें शिकावयास येतात. आपल्या आसपासच्या शेतांत पंप आहेत, ट्रॅक्टर आहेत. गांवांत पिठाच्या गिरण्या आहेत. यंत्रांत आपण बुडून गेलों आहों. परंतु यंत्र दुरुस्त करणाऱ्याकडे आपण कोणत्या नजरेनें पाहतों? मुलगा अभियंता व्हावा असें प्रत्येक घरीं बोललें जातें. तोच मुलगा सायकल उघडून बसला, हात काळे करून घेऊं लागला, तर "ऊठ, अभ्यास कर," असें त्यास सांगितलें जातें. पदवी हवी, पाना नको! जॅक्सन हा फिटर होता, ही गोष्ट अशा घरांत ऐकवली तर ती कोणास फारशी आवडणार नाहीं, अशी आम्हांस भीति वाटते.

दसऱ्यास आपण हत्यारांची पूजा करतों. विळा, कुऱ्हाड, पाना, शिवणयंत्र, सर्वांस हळदकुंकू वाहतों. पोळ्यास बैलांस सजवितों. आणि दुसऱ्या दिवशीं तीं हत्यारें धरणाऱ्या माणसास एकेरीनें हांक मारतों. पूजा हत्याराची व अवहेलना हाताची, हा कोणता न्याय? आपल्याच गांवांत ह्याचें उत्तरहि आहे. संस्थानाच्या मंदिरांत पादत्राणें सांभाळणारे, झाडलोट करणारे व पंगतींत वाढणारे सेवेकरी आपण सर्वांनीं पाहिले आहेत. त्यांचीं नांवें येणाऱ्या भाविकांस ठाऊक नसतात. परंतु तेथील शिस्तीची व स्वच्छतेची कीर्ति सर्वत्र पोंचली आहे ती त्यांच्या हातांमुळें. जो मान आपण त्या सेवेस मनोमन देतों, तोच मान रस्त्यावर पंक्चर काढणाऱ्यास, पंपाची मोटर गुंडाळणाऱ्यास व विजेच्या खांबावर चढणाऱ्यास द्यावा, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

मुलींच्या पालकांस येथें वेगळें सांगणें अवश्य वाटतें. हें काम पुरुषांचें, अशी समजूत असल्यास ती आतां सोडावी. भारतीय हवाई दलांतील अधिकारी हिना जयस्वाल यांनीं २०१९ सालीं बंगळूरजवळील येलहंका येथें शिक्षण पूर्ण केलें आणि त्या हवाई दलाच्या पहिल्या महिला फ्लाइट इंजिनियर झाल्या. घरांतील मिक्सर बिघडला तर पेंचकस मुलाच्याच हातीं कां द्यावा? ह्या प्रश्नाचें समाधानकारक उत्तर आम्हांस तरी कोठें मिळालेलें नाहीं.

कोणी असेंहि म्हणतील कीं, आजच्या प्रवासी विमानांत इंजिनियरचें आसन उरलेलेंच नाहीं. तें काम संगणक करतो व पुढें दोन वैमानिकच बसतात. हें खरें आहे. परंतु आसन गेलें म्हणून काम गेलें असें नव्हे. तबकड्यांवर नजर ठेवणारा डोळा आतां जमिनीवर, दुरुस्तीच्या शेडमध्यें व कारखान्यांत बसलेला आहे. त्यानें डुलकी घेतली तर संगणकहि कांहीं करूं शकत नाहीं. यंत्र जितकें शहाणें होतें तितका त्याचा राखणदार अधिक शहाणा असावा लागतो.

विद्यार्थिमित्रांनो, ह्या लेखांतून तुम्हीं एक लहानसें काम घ्यावें अशी आमची इच्छा आहे. फ्लाइट इंजिनियर जशी वही ठेवीत असे तशी एक वही तुम्ही घरीं ठेवा. विजेच्या मीटरचा आंकडा, छपरावरील टाकी भरण्यास लागणारा वेळ, गॅसची टाकी किती दिवस पुरली, सायकलला तेल केव्हां दिलें, हें रोज दोन ओळींत लिहा. महिन्याभरांत तुम्हांस आपल्या घराविषयीं अशा गोष्टी कळतील कीं, ज्या घरांतील वडील माणसांसहि ठाऊक नसतील. आणि 'हौद व तोट्या' ह्या गणितांची भीति कोठच्या कोठें जाईल.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मुलानें अथवा मुलीनें एखादी वस्तु उघडून बसवितांना एखादा स्क्रू उरला तर रागावूं नये. तो कोठला, हें त्याच्या शेजारीं बसून शोधावें. वर्षाकांठीं आपण गुणपत्रिका पाहतों, तसे मुलांचे हातहि एकदां पाहावेत. त्यांवर शाई असेल तर आनंद मानावा. तेल व काजळी असेल तरी तितकाच मानावा. उद्यां कोणाच्या तरी विमानांत, आगगाडींत, किंवा शस्त्रक्रियेच्या खोलींतील यंत्राशीं आपलें मूल उभें असेल, आणि शेजारचा माणूस निर्धास्तपणें आपलें काम करीत असेल. कां कीं, यंत्राकडे कोण पाहत आहे हें त्याला ठाऊक असेल. असा विश्वास ज्याच्यावर ठेवतां येतो तो माणूस आमच्या शाळेंतून निघावा, ह्याहून मोठें बक्षीस आम्हांस नको.